मागच्या सीटवर कोणी नसताना

पान्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही. फोन मी उचलत नव्हतो, म्हणून त्याने पत्र लिहिलं होतं. अक्षर शाळेत होतं तसंच, ओळीच्या शेवटी खाली घसरणारं. "मामा, रागावलात हे कळतंय. गाडी परत होती तशी करून देतो, नाहीतर तुमचं काय ठरलं ते कळवा. मामीला काही बोलू नका." मी पत्र टेबलाच्या खणात टाकलं. उत्तरं मनातल्या मनात पुष्कळ लिहिली. काही फार चांगली होती, म्हणूनच बहुधा कागदावर आली नाहीत.

पान्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी खिशात कायम पाना घेऊन फिरायचा, तेव्हापासून हे नाव. आता शेजारच्या गावात त्याचं गॅरेज आहे. मी जन्मभर वाचनालयात काम केलं. गाड्यांमधलं मला काही कळतं, असा माझा दावा नाही.

आमची गाडी जुनी, उंच बांध्याची. हिचे गुडघे गेले आणि तिला त्या गाडीत चढता येईना. एकदा एक पाय आत आणि एक बाहेर अशी अडकली, तेव्हा म्हणाली, "एक तर वर ढकला, नाहीतर खाली घ्या. मधे लोंबकळत ठेवू नका." आम्ही दोघंही हसलो. पण त्यानंतर ती गाडीत बसली नाही. नदीपलीकडे तिची थोरली बहीण राहते. दर आठवड्याला मी हिला तिकडे घेऊन जायचो, ते बंद पडलं. हिला पुन्हा गाडीत बसवून बहिणीच्या दारात उतरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वाचनालयात गाड्यांच्या दुरुस्तीवरचं एक पुस्तक होतं. ते मी घरी आणून वाचून काढलं. आखूड स्प्रिंग घातली की गाडी खाली बसते, पण तेवढंच चाक मडगार्डच्या जवळ जातं. मग वळणावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. म्हणून त्या कडेला खडू फासायचा, मागे माणसं बसवायची आणि गाडी फिरवून आणायची. खडू पुसला गेला, तर घासतंय.

गाडी खाली करून घ्यायला पान्याकडे नेली आणि हे त्याला सांगितलं, तेव्हा तो गाडीखालून डोकं बाहेर काढून हसला.

"मामा, पुस्तकातली गाडी पुस्तकात चालते."

"तरी मागे वजन ठेवून बघशील ना? तुझी मामी मागेच बसणार. पाय लांब करून."

"बघतो हो. तुम्ही चहा घ्या."

आठवड्याभराने तो गाडी घेऊन आला. चार बोटं खाली आली होती. टायरही नवे, रुंद. "हे माझ्याकडून," म्हणाला. मी मनातून त्याचे आभार मानले. मी त्याला कडेचा खडू दाखवायला सांगितला. त्याने मडगार्डखाली बॅटरी मारली. खडू जसाच्या तसा होता.

ही खाली इमारतीच्या दारात उभी राहून बघत होती. "छान दिसते," एवढंच म्हणाली. ते ती पान्याकडे बघून म्हणाली, हे मला तेव्हा दिसलं होतं. पण दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ मला लागतोच असं नाही.

दोन दिवसांनी मी मागचं दार उघडून उभा राहिलो. तिने साडी सावरली, सीटवर बसली आणि पाय आत घेतले. इतकं सोपं. मी दार लावलं आणि पुढे जाऊन बसलो.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. त्यावरून गाडी उतरली आणि मागून खर्र आवाज आला. पुढच्या वळणावर पुन्हा. मग प्रत्येक खड्ड्याला. रबर जळाल्याचा वास यायला लागला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"घरी चला."

"पूल आलाच की. हळू नेतो."

"अहो, घरी चला म्हणते ना."

घरी आल्यावर मी जमिनीवर आडवा होऊन आत बॅटरी मारली. मागच्या दोन्ही मडगार्डची कड घासून चकचकीत झाली होती. टायरच्या बाहेरच्या कडेला ओरखडे होते. खडूचा मागमूस नव्हता. मी पान्याला फोन लावला.

"अरे, मागे बसलं की घासतंय."

"मागे? मागे कोण बसलं?"

"कोण म्हणजे? तुझी मामी."

त्याच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

"मामी बसली?" तो म्हणाला. "पण मामी तर..."

"मामी तर काय?"

"तिलाच विचारा, मामा. मला मधे घेऊ नका."

ही स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी समोर बसलो. मला विचारावं लागलं नाही.

"मीच त्याला म्हटलं, गाडी तुझीच समज," ती म्हणाली. "त्याला अशी बुटकी, रुंद टायरची हवी होती. म्हटलं, आत्ताच करून घे तुला हवी तशी. मागे काही आम्ही बसत नाही. पुढे मामांना समजावून घेऊन जा."

"मला समजावून?"

"तुम्हाला संध्याकाळी समोरचं दिसत नाही. फाटकाला किती वेळा घासली? तुम्ही कबूल करता का? विषय काढला की पुस्तकात तोंड घालता."

"आणि तुझे गुडघे? मी ते सगळं..."

"माहीत आहे."

"मग आज बसलीस कशाला?"

तिने शेंगांच्या साली गोळा केल्या. "तुम्ही दार धरून उभे होतात," म्हणाली.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. जेवलो, औषधं घेतली, एकमेकांना पांघरूण दिलं. पण मी गॅरेजमध्ये मागच्या सीटबद्दल बोलत होतो, तेव्हा त्या सीटवर कोणी बसणार नाही हे पान्याला ठाऊक होतं. हिलाही ठाऊक होतं. तिघांमध्ये मी एकटाच त्या सीटवर हिला बसलेली बघत होतो. नवे टायर त्याने स्वतःसाठी घेतले होते, आणि मी त्यांच्यासाठी मनातून त्याचे आभार मानत होतो. हे आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

गाडी मी चालवत राहिलो. हट्टानेच. वाचनालयात जायचं, यायचं. एकटा असलो की ती जराही आवाज करत नसे. वळणावर नाही, खड्ड्यात नाही. इतकं चोख काम. प्रत्येक वेळी ती शांतता मला सांगायची, की हे काम कुणासाठी केलेलं आहे.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी परतताना एक सायकलवाला माझ्या पुढ्यात होता आणि मला तो दिसला नाही. त्याने सायकल बाजूच्या गटारात घातली म्हणून वाचला. उठून कपडे झटकत तो खिडकीपाशी आला. मला वाटलं, शिव्या घालेल. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, घरात कोणी चालवणारं नाही का?"

हिचं म्हणणं बरोबर होतं. तेवढ्याने काही हलकं वाटलं नाही; उलट आता तक्रार करायलाही जागा उरली नाही.

घरी आल्यावर रात्रीपर्यंत थांबलो नाही, दिवेलागणीलाच लिहायला बसलो. "आधी तुम्ही दोघांनी विचारलं असतंत, तर मी आपणहून गाडी दिली असती," असं लिहिलं आणि खोडलं. ते खरं नव्हतं. "मन मोठं करून" असं काहीतरी लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नवा कागद घेतला.

"गाडी घेऊन जा. किल्ली खालच्या रखवालदाराकडे ठेवतो आहे. मामीला मी काही बोललेलो नाही. गाडी नेशील तेव्हा वर येऊ नकोस. पुढचं पुढे बघू. मामा."

ही दारात आली. "कुणाला लिहिताय?"

"पान्याला."

"काय?"

"किल्ली कुठे आहे ते."

तिने चप्पल पुढे सरकवून दिली. कोपऱ्यापर्यंत मी भिंतीच्या कडेने चालत गेलो, आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.