उशाकडचे ठोकळे

पलंग उतरता आहे, ही तक्रार भाचीने पिशव्या खाली ठेवता ठेवताच केली. "मावशी, झोपेत घरंगळत पायथ्याशी जाऊ आपण! साइटवरच्या फोटोत बरा सरळ दिसत होता."

मावशीने वाकून पाहिलं. उशाकडच्या दोन्ही पायांखाली वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे होते. तिने चादरीचं टोक उचललं. खाली रबरी कापड. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

"हा पेशंटचा पलंग आहे," ती म्हणाली. "आडवं झालं की ज्याला दम लागतो, त्याचा. चल, शोधू कुठे ठेवलंय त्याला."

"अगं, परक्या देशात, लोकांच्या घरात असं..."

"लोकांच्या घरात राहायचं म्हणूनच आलो ना? हॉटेलं काय कमी होती?"

घरात राहण्याचा हट्ट मावशीचाच. ऐन पंचविशीत ती वर्षभरासाठी नोकरीला परदेशी गेली, तेव्हा एका कुटुंबाने आपल्या दोन लेकींच्या मधे तिची गादी घातली होती. तिघींत एकच आरसा, त्यावरून रोजची भांडणं, थोरलीने न विचारता वापरलेला तिचा स्वेटर. त्या घरात कुणाला उठवून कुणाची सोय केलेली तिला आठवत नव्हती. सगळेच थोडे थोडे सरकले होते.

फार शोधावं लागलं नाही. स्वयंपाकघरामागे, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून एक घडीची खाट होती. तिच्यावर घरमालकिणीची सासू दोन्ही हात मागे टेकून बसली होती. पावलं सुजून टम्म. पाहुण्यांना बघून ती हसली आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.

मावशीचं डोकं फिरलं. "बोलाव त्या बाईला!"

घरमालकीण हात पुसत आली. भाचीने तिच्या भाषेत विचारलं, ऐकलं आणि मावशीला सांगितलं, "ती म्हणते, पाहुण्यांना घरातली सगळ्यात चांगली खोली दिली."

"मग स्वतःची का नाही दिली, विचार."

"असं तोंडावर कसं विचारू?"

"मला येत असती ना ती भाषा, तर तुझी मनधरणी केली नसती. विचार!"

भाचीने विचारलं, बहुधा रुपयातलं चार आणेच. उत्तर लांबलचक आलं. वर मुलांचा अभ्यास असतो, चारच दिवसांचा प्रश्न आहे, सासूबाईंची काही तक्रार नाही. सासूनेही मान डोलावली.

"त्या म्हणतात, खोली मीच दिली. मला इथे बरं वाटतं."

"सगळ्या हेच म्हणतात गं! श्वास पुरत नसतो, तरी सांगतात, मला बरंय, सुनेला उगाच त्रास नको. पस्तीस वर्षं ऐकलंय मी. धर तिकडून."

दोघींनी म्हातारीला आधार देत तिच्या खोलीत आणलं. मावशीने पाठीशी तीन उशा रचल्या, गोळ्या मागवून घेतल्या, वेळा विचारल्या. हळूहळू धाप बसली. भर दुपारी, बोलता बोलता म्हातारीचा डोळा लागला.

घरमालकीण दारातून दबक्या आवाजात काही म्हणाली.

"साइटवर वाईट लिहू नका म्हणते. शनिवारी दुसरे पाहुणे येणार आहेत."

"वाईट कशाला? खरं लिही. ही खोली आजारी बाईची आहे आणि ती तिथेच राहते. पाहुण्यांना बाहेरचा सोफा मिळेल."

"हे वाचून कोण येईल, मावशी?"

"ज्यांना घर हवंय ते येतील. खोलीच हवी असेल त्यांनी खुशाल हॉटेलात जावं. आपण दोघी आहोतच ना सोफ्यावर? लिही."

भाचीने लिहिलं, घरमालकिणीला वाचून दाखवलं. ती पाय आपटत जिना चढली आणि वर धाडकन दार लागलं.

मावशी स्टुलावर बसून म्हातारीची नाडी मोजत होती.

"रागव म्हणावं हवं तितकी," ती म्हणाली, "पण दार हळू लाव. पेशंट झोपलीय."