पेरलेलं ते पेरलेलं

तण म्हणजे काय? “जे आपण पेरलं न्हाई ते.” – कुंडलिक, बोरी बुद्रुक, चहाच्या दुसऱ्या कपावर.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या कुठल्या कुठल्या ताऱ्यांची कुजबुज ऐकतात.

भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पाय दोघांनाही नाहीत.

तरवड. बांधावर आपोआप उगवणारं झुडूप. पिवळा फुलतो. पाणी मागत नाही, खत मागत नाही, शेळी तोंड लावत नाही. सरकारी योजनेत बसायला लागणारी एकही अडचण त्याच्याकडे नाही.

घट बसतात तेव्हा देवीपुढे मातीत धान्य पेरतात आणि वर रोज फुलांची माळ बांधतात.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं गावाचं ठाम मत होतं.

गाव तसं स्वच्छतेचं भोक्तं. तणनाशक मारून मारून बांध असे लख्ख केले होते की मुंगीलाही आडोसा उरला नव्हता. तरवड गेला, मागोमाग भुंगे गेले. त्यांना कुणी हाकललं नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

कुंडलिकची सून आरती. विहिरीकडचा तुकडा तिचा, त्यात लाल भोपळा. फुलं ढीगभर यायची, बोटाएवढं फळ धरायचं, पिवळं पडून गळायचं. मग ती सकाळी उठून नर फूल खुडायची आणि मादी फुलाला टेकवायची. बांधावरून जाणाऱ्या बायका विचारायच्या, “आरते, आज किती लग्नं लावली? जेवाण कवा?”

आरती शेतीच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार पीयूष म्हणाला, “वहिनी, भुंगे घालवायचं औषध कुंडलिकमामांनी माझ्याकडूनच नेलं. आता बोलवायचंही आलंय. कंपनी लई हुशार.” त्यानं बोलवायच्या औषधाची बाटली काढून दाखवली आणि स्वतःच परत फळीवर ठेवली.

आरतीनं कुठून तरी तरवडाच्या शेंगा आणल्या आणि बांधाला बी पेरलं. गाव हसलं. फुकट उगवणारं पेरायचं म्हणजे पावसात छत्री धरून झाडाला पाणी घालण्यासारखंच.

कुंडलिक पाठीला पंप लावून आले. “सर बाजूला.”

“मामा, तण म्हंजी काय?”

“जे आपण पेरलं न्हाई ते.”

“ह्ये मी पेरलंय.”

कुंडलिक मागं वळले. पंप भरलेला होता. वाया जाऊ नये म्हणून पलीकडच्या बांधावर रिकामा करून आले. माणूस तत्त्वाला पक्का.

तिसऱ्या वर्षी तरवड अंगभर फुलला. भुंगे आले, तरवडावरून भोपळ्यावर जाऊ लागले. कुंडलिकनं त्याआधीच बजावलं होतं, “औंदा भोपळा धरला न्हाई, तर तिथं ऊस.”

आणि घट बसले.

माळेला तरवड हवाच. गावात तरवड एकाच बांधावर. सकाळी टोपल्या घेऊन सगळ्या आळीतल्या बायका आल्या, ज्यांच्या घरी तण मारायला दोन-दोन पंप आहेत त्याही. पुढे आरतीची सासू, ठकूबाई.

“आत्या, फुलं गेली तर भुंगं जात्याल. भोपळ्याचा ह्योच बहर हाय.”

“देवीची माळ अडवतीस व्हय गं?”

“माळ न्हाई अडवत. पण घटात पेरलेलं दसऱ्याआधी कुणी उपटतं का?”

“घटातलं निराळं.”

“पेरलेलं ते पेरलेलं. मामांना इचारा.”

सगळ्या बांधाच्या टोकाला उभ्या असलेल्या कुंडलिककडे वळल्या. घरचंच कुत्रं चावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “आता... पेरलंय म्हंजी... पेरलंयच की राव,” ते म्हणाले आणि विहिरीची मोटार बघायला गेले. मोटार बंदच होती.

ठकूबाईंनी एक फूल खुडलं, टोपली पालथी घातली. “देवीला येक पुरतं. टोपलीभर तुमालाच लागत्यात. जा, झेंडू आणा. दसरा झाल्यावर या, शेंगा देते. आपापल्या बांधाला पेरा.”

दसऱ्याला भोपळे धरले होते, मुठीएवढे, गच्च. शेंगा न्यायला दोघीच आल्या. कुंडलिक चहाच्या टपरीवर पाव्हण्यांना सांगतात, “तरवड? आमी पेरलाय.” खोडदच्या तबकड्यांनी अजून याची नोंद घेतलेली नाही.

तरवडाचं बी टणक असतं, पेरायच्या आधी कढत पाण्यात भिजवावं लागतं. आरतीनं पेरलं तेव्हा ते पाणी ठकूबाईंनी तापवून दिलं होतं.