तव्यावरचा नाग

आमच्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचा मान सासूबाईंचा. त्यांचा हात थरथरायला लागला, म्हणून गेल्या साली मी काढला. थोरल्या जाऊबाई, यमुताई, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "नाग होय का गांडूळ वं हे? पुढच्या साली इतवारीतून छापील नागच आणू."

लागलं मला ते. भिंत मला हवी होती. पण सरावाला कागद कुठला? कमिशनरांच्या कचेरीतून एक कोरा कागद घरी आणतील, इतके आमचे यजमान शूर नव्हते. मग मी तवा धरला. भाकरी झाल्या की निवलेला तवा उलटा करायचा, काजळीवर बोटाने नाग काढायचा, नीट बघायचा आणि राखेने घासून टाकायचा. आधी नुसता फणा. तो जमेपर्यंत शेपटाकडे वळले नाही.

"तवा घासून राहिली का पुजून राहिली वं?" सासूबाई विचारायच्या.

श्रावणात यमुताईंनी छापील नाग आणलाच. पंचमीला तवा चुलीवर चढवायचा नाही ही रीत. म्हणजे हात मोकळा करायला नेमकी त्याच दिवशी माझी पाटी नाही. गेरू लावलेल्या भिंतीपुढे चुन्याची वाटी आणि काडी घेऊन उभी राहिले. फण्यापासून शेपटापर्यंत काडी उचललीच नाही.

सासूबाई जवळ जाऊन बघत राहिल्या.

"यमू, तुहा नाग लोणच्याच्या बरणीखाली अंथर. कागद बरा आहे."

मग माझ्याकडे वळल्या. "शेपूट आखूड झालं."

झालंच होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी उरकल्या आणि मी तवा उलटा केला.