पावणेसहाची गाडी

शौनक आठल्यांची बसकंपनी वर्षभर गाळात चालली होती, म्हणून सरकारने ती वाचवायला प्रशासक पाठवला. कारखानीस नाव. बुटांना लाल माती लागू नये म्हणून त्यांनी जीप थेट ऑफिसच्या पायरीला लावायला सांगितली. तेव्हाच मी माणूस ओळखला.

मी आम्रपाली गमरे. देवरुखला आठल्यांच्या तिकीट खिडकीवर अकरा वर्षं काढली. आमची पहाटे पावणेसहाची गाडी आतल्या गावांतून रत्नागिरीला जायची. डायलिसिसला जाणारी हौसामावशी, शाळेचे मास्तर, बंदरावर कामाला जाणाऱ्या बायका. गाडीत उभं राहायला जागा नसायची. कंपनी बसली ती शौनकशेठना मुंबईच्या एसी गाड्यांचा सोस लागला म्हणून. मी हे कारखानीस साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. ते कुणी वाचलं नाही.

पहिला हुकूम निघाला, की पावणेसहाची गाडी साडेदहाला सुटेल. कारण काय, तर ऑफिस दहाला उघडतं, त्याआधी गाडी तपासायला कुणी नसतं. ड्रायव्हर रामजीने विचारलं, शाळा सातला भरते, मास्तरांनी काय करायचं? साहेबांनी शिक्षण खात्याला पत्र पाठवतो म्हणून सांगितलं.

महिनाभर रामजी रिकामी गाडी नेत-आणत होता. मग अहवाल तयार झाला: या मार्गावर प्रवासी नाहीत, सेवा बंद करावी. खाली माझी सही हवी होती.

मी म्हटलं, "साहेब, एकदा गाडी पावणेसहाला सोडा आणि स्वतः बसून बघा. मग सही करते."

"माझ्या कामाची वेळ ठरलेली आहे, बाई."

"हौसामावशीच्या सुईचीही ठरलेलीच आहे."

हौसामावशी कोण, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठले. अहवाल माझ्या सहीशिवाय गेला आणि आठवड्यात मंजूर झाला. शौनकशेठच्या डोक्यावरची कटकट गेली. साहेबांची मुदत संपल्यावर त्यांनी निरोपाचं शाल-श्रीफळ दिलं. मी गेले नाही. रामजी गेला होता. साहेबांनी भाषणात स्वतःच्या निर्णयक्षमतेबद्दल अर्धा तास सांगितलं म्हणे.

रामजी आता दुधाचा टेम्पो चालवतो. आठवड्यातून तीनदा मावशीला पुढच्या सीटवर बसवून नेतो. परतताना तिला धड उभं राहवत नाही, म्हणून मीही सोबत असते. परवा तिने विचारलं, गाडी परत कधी सुरू होणार.

"आता नाही गो मावशी," मी म्हटलं. रामजीने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.