स्पंदनगुरू आणि पोछा

संशोधन विभागाचा दुसरा मजला एरवी इतका शांत असतो, की कुणाची खुर्ची सरकली तरी माना वर होतात. त्या सकाळी मात्र तिथल्या कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात जळका सर्किट बोर्ड, कुणाच्या काखेत सुरू होत नसलेला लॅपटॉप. एका विद्यार्थिनीने तर आपल्या प्रबंधाचं चौथं प्रकरणच छापून आणलं होतं. मार्गदर्शक ते सारखं परत पाठवत होते. एकदा गुरूंचा हात फिरला तर बरं, असं तिचं म्हणणं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणारी ही सगळी हुशार मंडळी स्पंदनगुरूंची वाट बघत होती.

स्पंदनगुरू आले ते करड्या कोटात, कॉलरला छोटा माइक लावून. दाढी नाही, माळा नाही. दाढीमाळावाल्यांवर या मजल्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

ज्या प्रयोगशाळेत ते शिरले ती ठिणगीची. ठिणगी हे अर्थात टोपणनाव. पहिल्याच आठवड्यात तिने एक महागडं यंत्र फट्‌कन उडवलं होतं, तेव्हापासून ते चिकटलं. स्नायू हलताना त्यातून अगदी क्षीण वीज वाहते. ती त्वचेवरून टिपायची, मोठी करायची आणि पडद्यावर रेघ म्हणून दाखवायची, असं तिचं काम. त्यासाठी तिने धातूच्या डब्यात बसवलेला, बॅटरीवर चालणारा एक संच बनवला होता. त्याची परीक्षा व्हायची शिंपीणकाकूंच्या हातावर. पक्षाघाताच्या झटक्यानंतर काकूंचा उजवा हात लुळा पडला होता. बोटं हलताना दिसत नसत; पण आत काही हलतंय का, हे या संचाला कळायचं. ती रेघ दिसली की काकूंना व्यायामाला हुरूप यायचा.

गेला आठवडाभर मात्र पडद्यावर रेघेऐवजी नुसतं जाडजूड जंगल उगवत होतं. भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण सगळं गिळून टाकत होती. ठिणगीने प्रोग्रॅम पुन्हा तपासला, त्वचेला लावायच्या चिकटपट्ट्या बदलल्या, भाग काढून पुन्हा सोल्डरचा डाग दिला. शेवटी डोकं धरून बसली.

"मी म्हटलंच होतं," स्पंदनगुरू आत येताच म्हणाले. "गेल्या आठवड्यातल्या भेटीत मी या खोलीत ध्यान घेतलं, तेव्हाच मला जाणवलं. या यंत्रावर नकारात्मक स्पंदनांचा थर बसतोय."

"हो, म्हणाला होतात," होयबा म्हणाला. हा ठिणगीचा सहकारी. कुणीही काहीही म्हटलं तरी तो आधी हो म्हणायचा आणि मग ऐकायचा.

ठिणगीचे मार्गदर्शक, म्हणजे सर, हात बांधून उभे होते. माणूस विद्वान, पण लागोपाठ दोन शोधनिबंध नाकारले गेल्यापासून जरा खचले होते. त्यातून घरी बाईसाहेब गुरूंच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. "बघायला काय हरकत आहे," असं म्हणत सरांनी दार उघडलं होतं.

काकूंच्या हाताला पट्ट्या लावल्या. पडद्यावर जंगल माजलं. स्पंदनगुरूंनी डावा हात खिडकीच्या लोखंडी गजाला लावला. "आकाशतत्त्वाशी जोडणी," ते म्हणाले. उजवा तळहात त्यांनी सावकाश डब्यावर टेकवला. "आता क्वांटम पातळीवर शुद्धी सुरू होते आहे."

आणि जंगल मावळलं. पडद्यावर सपाट, स्वच्छ रेघ उरली.

"ताई, बोटं हलवायचा प्रयत्न करा."

काकूंनी डोळे मिटून जोर लावला. बोटं हलली नाहीत, पण रेघेवर छोटीशी उसळी आली. पुन्हा एकदा आली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दारातल्या गर्दीने तोंडात बोटं घातली.

"हमिंग गेलं ना?" स्पंदनगुरू हसून म्हणाले आणि लगेच सावरले. "म्हणजे, थर गेला. ताई, तुमचा हात मेलेला नाही. पण त्या गोळ्यांनी स्पंदनं जड होतात. त्या बंद करा. ही माझी ऊर्जाचकती उशाखाली ठेवा." त्यांनी सोनेरी नागमोडी काठाच्या पारदर्शक वेष्टनातली एक चकती काढली. "उद्या पुन्हा येतो. माझं ध्यानकेंद्र इथेच सुरू करू म्हणतात सर."

सर काही म्हणाले नव्हते, पण आता नाहीही म्हणाले नाहीत.

गर्दी गुरूंच्या मागे गेली. काकू डाव्या हाताने आणि दातांनी चकती पदराला बांधत होत्या.

"काकू, गोळ्या बंद नका करू," ठिणगी म्हणाली. "त्या रक्त पातळ ठेवण्यासाठी आहेत. बंद केल्या तर पुन्हा झटका येईल."

"पोरी, तू आठवडाभर खटपट केलीस. तुला दिसली का रेघ? त्यांनी नुसता हात लावला." काकूंच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ठिणगीला ते जास्त लागलं.

दुपारी ती एकटीच संचासमोर बसली. एक शब्द तिच्या डोक्यातून जाईना. हमिंग. या मजल्यावर त्याला कुणी हमिंग म्हणत नाही. इथे 'नॉइज' म्हणतात. हमिंग म्हणायचा तिचा मामा. मामा सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवायचा. स्पीकर घूं करायला लागला की तो अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावायचा, घूं थांबायचं आणि तो म्हणायचा, "अर्थिंग गेली."

ठिणगी उठली. डब्यापासून भिंतीवरच्या अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत एक हिरवी वायर होती. बाहेरची गुणगुण डब्याने झेलायची आणि या वायरीने जमिनीत सोडायची, अशी ती साधी सोय. वायर दिसत होती, स्क्रू आवळलेला दिसत होता. म्हणूनच आठवडाभर तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने मीटरची एक टोचणी डब्याला लावली, दुसरी स्क्रूला. जोडणी नीट असेल तर मीटर टीं करतं. मीटर गप्प. मग दुसरी टोचणी स्क्रूवरून काढून खिडकीच्या गजाला लावली, पहिली डब्यावरून स्क्रूला. टीं.

म्हणजे स्क्रू आणि गज दोन्ही जमिनीशी जोडलेले होते; तुटली होती ती फक्त डब्याची वाट. "अस्सं," ती म्हणाली. स्क्रू सैल केला, खाली काय आहे ते पाहिलं, आणि होतं तसं ठेवून पुन्हा आवळला.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. काकू हाताला पट्ट्या लावून पडद्यासमोर बसल्या होत्या. ठिणगीने गुरूंना वाकून नमस्कार केला. होयबाही लगोलग वाकला.

"सर, शास्त्रीय नोंद हवी तर प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातूनही व्हायला हवा ना?" तिने सरांकडे वळून विचारलं.

"हे प्रत्येकाला साधत नाही," गुरू म्हणाले. "मन निर्मळ लागतं."

"म्हणून तर होयबाला घेते. हा काल माझा जेवणाचा डबा खाऊन 'मी नाही खाल्ला' म्हणाला होता."

"हो," होयबा म्हणाला, आणि मग काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं. तिने त्याचा एक हात गजावर ठेवला, दुसरा डब्यावर. जंगल मावळलं.

कॉरिडॉरमध्ये कुजबुज झाली. प्रबंधवाल्या विद्यार्थिनीने प्रकरण छातीशी धरून होयबाकडे आदराने पाहिलं.

"माझी कालची ऊर्जा इथे आहे अजून," गुरू म्हणाले. "ती त्याच्यातून वाहते आहे."

"असेल." ठिणगी कोपऱ्यात गेली आणि फरशी पुसायचा ओला पोछा घेऊन आली. स्टीलचा दांडा गजाला टेकवला, ओलं टोक डब्यावर ठेवलं. पडद्यावर रेघ स्वच्छ झाली. होयबाच्या वेळी झाली होती त्याहून जरा जास्तच.

कुणीतरी फस्‌कन हसलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"चैतन्य सगळीकडेच असतं," गुरू म्हणाले, पण आवाज उतरला होता.

ठिणगीने स्क्रूड्रायव्हर सरांच्या हातात दिला. "सर, तुम्हीच उघडा."

सरांनी स्क्रू काढला. वायरीच्या कडीला वरून-खालून दुमडून बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता, जेमतेम दोन नखांएवढा, एका बाजूला सोनेरी नागमोडी काठ असलेला. सरांनी तो बराच वेळ पाहिला. मग काकूंकडून चकती मागून घेऊन तिच्या वेष्टनाशेजारी धरला. तोच काठ, तीच नागमोड.

"ध्यानाच्या वेळी आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो," सर हळूच म्हणाले. "मीसुद्धा."

"गुरुजी, तुम्ही आधी साउंडच्या कामात होतात का?" ठिणगीने विचारलं.

स्पंदनगुरूंनी कॉलरचा माइक काढून खिशात घातला. "तीही नादाची उपासनाच होती," असं म्हणून ते निघाले. गर्दीने वाट दिली. या वेळी पाया पडायला कुणी वाकलं नाही.

तुकडा काढून सरांनी स्क्रू आवळला. कुणीही कशालाही हात न लावता रेघ स्वच्छ झाली. ठिणगीने काकूंना जवळ बोलावलं. "आता तुम्ही करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका." काकूंनी डाव्या हाताने तुकडा पुन्हा कडीवर चढवला, जंगल. काढला, रेघ. शिंपीण बाई, शिवण उसवून पुन्हा घालून बघावी तसं त्यांनी मन भरेपर्यंत केलं. मग खाली बसल्या.

"म्हणजे सगळं खोटंच," त्या म्हणाल्या. "माझा हातही."

ठिणगी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "काकू, गुणगुण घालवण्याचा चमत्कार खोटा होता. उसळी खरी आहे. ती त्यांच्या हातातून आली नव्हती, तुमच्या हातातून आली होती. डॉक्टरांच्या गोळ्या आणि तुमचा रोजचा व्यायाम, त्याची आहे ती. त्यांनी झाकलं तेही तुमचंच, आणि दाखवलं तेही तुमचंच. आज सकाळची गोळी घेतलीत?"

काकूंनी मान खाली घातली. सरांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणला.

मग ते दाराशी जाऊन उभे राहिले. तिथे अजूनही बोर्ड, लॅपटॉप आणि चौथं प्रकरण घेऊन मंडळी खोळंबली होती. "इथे मी तुम्हाला मोजायला शिकवतो आणि काल स्वतः मोजायचं विसरलो," ते म्हणाले. "आमचे पेपर नाकारले गेले, म्हणून मला चमत्कार हवा होता. हवा असला की माणूस तपासत नाही. तुम्ही तपासा. माणूस कोटात असो की कफनीत, त्याला विचारा, की हे तुमच्याशिवाय होतं का? दुसऱ्याने केलं तर होतं का? आणि औषध बंद करा असं कुणी म्हणालं, तर त्या क्षणी त्याच्याकडून उठा आणि डॉक्टरांकडे जा. हे एवढं करायला पीएचडी लागत नाही. जा आता, आपापले बोर्ड दुरुस्त करा."

मंडळी पांगली. प्रबंधवाली आपलं प्रकरण वाचतच जिना उतरली.

आत काकूंनी गोळी गिळली, डोळे पुसले आणि हात टेबलावर ठेवला.

"लाव गं पोरी पट्ट्या," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवूनच करते."