रविवार, सकाळी सात, डावरी

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला सगळे डावरी म्हणत. हे नाव घरच्यांनी लहानपणी चिडवायला पाडलं होतं, पण तिने ते असं काही मिरवलं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. दंतवैद्यही तिला तेच म्हणत आणि फोन उचलताना तीही "डावरी बोलतेय" असंच सांगे. वय बावन्न. लग्न राहून गेलं असं नातेवाईक म्हणायचे. ती म्हणायची, केलं नाही.

तिचं कामाचं टेबल दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीला लागून होतं. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेण वितळवायचा दिवा, चिमटे, कानस. दोन वर्षांपूर्वी दवाखाना या नव्या जागेत आला आणि खिडकीसमोर सार्वजनिक गोल्फचं मैदान आलं. मैदान नऊ खळग्यांचं, कुणीही शुल्क भरून खेळावं असं. चौथ्या खळग्याची सुरुवात बरोबर तिच्या खिडकीखाली होती. मेण थंड होईपर्यंत ती बघत बसे. सुटाबुटातली धडधाकट माणसं यायची, चेंडूसमोर उभी राहून ढुंगण हलवायची, काठी उगारायची आणि चेंडू सोडून नुसतं गवत उपटायची. मग काठीकडे असं रागाने बघायची, जणू चूक तिचीच.

"हे मला जमेल," ती एकदा डॉक्टरांना म्हणाली.

"जमेल की," डॉक्टर तोंडावरचा मास्क न काढता म्हणाले, "पण आधी ती खालची कवळी संपवा. आजोबा बाहेर बसलेत."

कवळी संपली, पण डोक्यातून ते गेलं नाही. तिचा थोरला भाऊ दर रविवारी याच मैदानावर ऑफिसच्या तिघांबरोबर खेळायचा. शनिवारी ती त्याच्याकडे गेली आणि मला खेळायचंय म्हणाली. दादा आधी हसला, पण मग मोठ्या मनाने माळ्यावरून आपला जुना संच काढून तिच्यापुढे ठेवला.

"घे. फुकट. एकदम चांगल्या काठ्या आहेत."

तिने एक उचलली आणि सहज जशी धरवली तशी धरली. काठीचं तोंड उलट्या दिशेला गेलं.

"अगं, अशी नाही. या उजव्या हाताच्या आहेत. इकडून उभी राहा."

"मला तिकडून येतं."

"सवय होते गं. चार दिवसांत होईल."

सवय हा शब्द ऐकला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. पहिलीत असताना बाबा तिचा डावा हात रुमालाने टेबलाच्या पायाला बांधून तिला अक्षरं गिरवायला बसवत. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा; त्याला राखणीला बसवलेलं असे. गाठ सैल केली की तो आतल्या खोलीत ओरडून सांगायचा. शेवटी ती उजव्या हाताने लिहायला शिकली, आणि आजही तिची सही कुणी दुसऱ्याने केल्यासारखी दिसते. पुढे कवळ्यांचं काम शिकायला गेली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने कानस पुढे सरकवली आणि एवढंच विचारलं, "तुझा कुठला हात ऐकतो?" आयुष्यात तिला तसं पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

तिने काठी पिशवीत परत ठेवली.

"दादा, लिहायचा हात दिला मी तुम्हाला. हा देणार नाही."

"कुठली गोष्ट कुठे नेतेस! डाव्या काठ्या मिळतात तरी का? आणि खेळणार कुणाबरोबर?"

"ते मी बघीन."

"हसं होईल तुझं."

"माझं होईल ना? मग तू कशाला काळजी करतोस?"

जुन्या खेळसामानाचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालकाचा चष्मा गळ्यात दोरीने लटकत असे आणि तो डोळ्यांवर न चढवताच गिऱ्हाईक जोखायची त्याला सवय होती. डावरीला बघून त्याने गुलाबी पिशवीतला एक चकचकीत संच पुढे केला. "हा घ्या. खास बायकांसाठी."

"डावा दाखवा."

"डावा नसतो हो कुणाकडे. हा घ्या, हलका आहे."

"मी हलका मागितला नाही. डावा मागितला."

दुकानाच्या कोपऱ्यात एका पिंपात सुट्या काठ्या उभ्या होत्या. ती पिंपाशी उकिडवी बसली आणि एकेक बाहेर काढायला लागली. शंभरभर काठ्यांत डाव्या सहा निघाल्या. मालकाला वाटलं, आता सहाही घेऊन जाईल. पण डावरीचा जन्म केसाएवढी चीर शोधण्यात गेला होता. पहिल्या काठीचा दांडा तिने डोळ्यासमोर धरून नेम धरल्यासारखा बघितला. जरासा वाकलेला होता, बाजूला ठेवला. दुसरीच्या लोखंडी पात्यावर नख वाजवलं. आवाज बद्द आला. पातं एका हातात, दांडा दुसऱ्या हातात धरून पिळलं, तर आत बारीक करकर झाली.

"हिचा डिंक सुटलाय. चार फटक्यांत पातं उडून कुणाच्या तरी डोक्यात बसेल."

मालकाने चष्मा चढवला. "तुम्ही काय करता?"

"दात बसवते."

तिसरीच्या पात्यावरच्या रेघा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्या रेघाच चेंडूला पकडतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण दातांना खाचा नसल्या तर घास सरकतो एवढं तिला ठाऊक होतं. तीही बाद. उरल्या तीन; पात्यांवर नंबर कोरलेले: एक पाच, एक सात, एक नऊ. मुठीवरची रबरं कडक होऊन तडकली होती. "हे मला बदलता येईल," ती म्हणाली, आणि त्या तडकलेल्या रबरांपायी तिने भाव इतका खाली आणला की मालक म्हणाला, "बाई, आता माझेही दात काढून न्या."

तो माणूस मात्र मनाने वाईट नव्हता. जाताना त्याने फळीवरून एक आखूड, दोन्ही बाजूंनी सारखी सपाट असलेली काठी काढून दिली. खळग्याजवळ आल्यावर चेंडू हळूच ढकलायची ती. "हिला डावं-उजवं कळत नाही," तो म्हणाला. "आणि बाकीच्या पुरुषांच्या उंचीच्या आहेत. बोटभर खाली धरा."

दोन दिवस ती काम संपल्यावर टेबलापाशी बसून होती. जुनी रबरं ब्लेडने सोलली, दांड्यांना दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, तिच्यावर स्पिरिट ओतून नवी रबरं एका झटक्यात चढवली. तिसरं रबर तिरपं बसलं. तिने ते पुन्हा फाडून काढलं आणि सरळ बसवलं.

काठ्या झाल्या, आता गडी हवे होते. मैदानाचा नियम असा होता की रविवारी सकाळी दहाच्या आत तिघांपेक्षा कमी जणांना सोडत नसत. तिकीट खिडकीशेजारी एक फळा होता; ज्यांना जोडीदार हवा ते त्यावर चिठ्ठी लावत. डावरीने तीन चिठ्ठ्यांवरचे फोन लावले. पहिला माणूस तिचा आवाज ऐकून म्हणाला, आमचा चौथा मिळाला. त्याची चिठ्ठी पुढचे पंधरा दिवस तिथेच लटकत होती. दुसऱ्याने विचारलं, किती वर्षं खेळता? ती म्हणाली, परवापासून. तो म्हणाला, मग दोन वर्षांनी फोन करा. तिसरा बराच वेळ गोड बोलला आणि शेवटी म्हणाला, "डावखुरं माणूस समोर तोंड करून उभं राहतं ना, आमचं लक्ष विचलित होतं हो."

चौथा फोन तिने केला नाही. त्याऐवजी स्वतःच चिठ्ठी लिहून फळ्याच्या मधोमध लावली:

रविवार, सकाळी सात. मी डावखुरी, बाई, वय बावन्न, अगदी नवीन. चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. दोन गडी हवेत. ज्यांना कुणी घेत नाही त्यांनी आधी यावं.

पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. ती खांद्याला पिशवी लावून नऊपर्यंत बाकावर बसून राहिली. दादा आणि त्याचे लोक समोरून गेले. दादाने पायातले बूट बघितले, आभाळ बघितलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या रविवारी दोघं आले. एक लिफ्ट दुरुस्त करणारा तरणाताठा गडी होता. खेळायचा बरा, पण तोंडाला क्षणाची उसंत नाही. दुसऱ्याने काठी उगारली तरी याची गोष्ट चालूच. चार टोळ्यांनी त्याला हाकललं होतं. दुसरी होती निवृत्त सुईण, सत्तरीच्या आसपासची. तिचा गुडघा धरायचा आणि ती इतकी सावकाश चालायची की मागचे लोक कंटाळून जात.

"ज्यांना कुणी घेत नाही, ते आम्हीच," लिफ्टवाला म्हणाला.

"मग चला," डावरी म्हणाली.

त्या दिवशी तिने पाच चेंडू हरवले, एक झाडाला मारला आणि एक स्वतःच्याच बुटाला. पण सहाव्या खळग्यावर सात नंबरच्या काठीतून एक फटका असा सुटला की हाताला काही लागलंच नाही. चेंडू उंच गेला, वर क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि अलगद उतरला. लिफ्टवाल्याने बोलणं थांबवलं. सुईणबाई म्हणाली, "आता हे व्यसन लागलं म्हणून समज."

रविवारमागून रविवार गेले. चेंडू खळग्याच्या काठावर अडला की सुईणबाई वाकून त्याला म्हणायची, "ये, ये, आलास, अजून थोडासा जोर," आणि तिघंही हसून बेजार व्हायची. सात ही त्यांची वेळ ठरून गेली. तिकीट खिडकीवरचा दिवाणजी न विचारता त्यांची नावं सातला लिहायला लागला.

सातव्या रविवारी चौथ्या खळग्यापाशी मैदानाचा मुकादम लगबगीने आला. मागे दादाची टोळी येऊन थांबली होती. त्यातला एकजण सारखा घड्याळ बघत होता.

"बाई, तुम्ही मंडळी दहानंतर येत जा," मुकादम म्हणाला. "नेहमीच्या लोकांना त्रास होतोय."

"आम्ही नेहमीचेच आहोत. सात रविवार झाले."

"तसं नाही हो. ती मोठी माणसं आहेत."

"कुठल्या नियमात लिहिलंय? दाखवा."

मुकादमाने मदतीसाठी मागे बघितलं. दादा पुढे आला, तिला कोपराला धरून बाजूला नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, माझे साहेब आहेत बरोबर. माझी काही शोभा राहू दे. दहाला आलीस तर काय बिघडेल?"

"काहीच नाही. मग तू ये दहाला."

"हट्टीपणा पुरे झाला."

"दादा, कोपर सोड."

त्याने सोडलं. लिफ्टवाल्याची गोष्ट अर्ध्यावरच तुटली होती आणि सुईणबाईने काठीवर दोन्ही हात टेकून असं तोंड केलं होतं की बाळ आल्याशिवाय ती इथून हलणार नाही.

डावरी मुकादमाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या खिडकीवरचे सगळे नियम वाचलेत मी. आम्ही मागे पडलो तर मागच्यांना पुढे सोडायचं, असा नियम आहे. तो मी पाळते. या, साहेब, पुढे खेळा. पण सातची वेळ आमची आहे, आणि पुढच्या रविवारीही आमचीच असणार. ज्याला चालत नसेल त्याने लेखी द्यावं, सहीनिशी."

सहीनिशी म्हटल्यावर मुकादम दोन पावलं मागे सरकला. मग साहेब नुसते "बरं" म्हणाले आणि त्यांची टोळी पुढे आली.

दादाने फटका मारला. चेंडू सरळ, लांब, मैदानाच्या मधोमध जाऊन पडला. तो खरंच चांगला खेळायचा. डावरीने मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनी त्याला कसंनुसं झालं.

बाकीचे निघाले. दादा पिशवी उचलून चार पावलं गेला आणि थांबला. परत फिरून तिच्याजवळ आला.

"मघाशी मागून बघितलं मी. मारताना तुझा डावा खांदा..." तो अडला. मग त्याने स्वतःच अंगाचा मोहरा फिरवला, नसलेल्या चेंडूच्या दुसऱ्या बाजूने तिच्यासारखा उभा राहून बघितला. रिकामे हात उलटे धरले, झुलवले. त्या पोझमध्ये तो अगदीच बावळट दिसत होता, आणि साहेब लांबून बघत होते. "नाही, उजवा. तुझा उजवा खांदा लवकर उघडतोय."

"मी विचारलं नव्हतं," डावरी म्हणाली.

"माहीत आहे," म्हणून तो झपाझप निघून गेला.

त्यांची टोळी नजरेआड होईपर्यंत तिघं थांबली. मग डावरीने चेंडू ठेवला. उजवा खांदा तिने थोडा धरून ठेवला, कारण सांगितलेलं खरं होतं आणि खरं कुणीही सांगितलं तरी घ्यायला तिची ना नव्हती. चेंडू बरा गेला. दुसरा फटका वाळूत. वाळूतून बाहेर यायला तीन लागले. मग एक लांबून खळग्याच्या पलीकडे, आणि दोन ढकलून आत.

कागदावर फटक्यांचे आकडे लिहायचं काम सुईणबाईकडे असे; जितके कमी तितकं चांगलं. तिने पेन्सिल जिभेला लावली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आज एवढं झालंय, सात लिहू का तुझे?"

"किती झाले?"

"आठ."

"मग आठ लिहा. चांगला मोठा काढा."

लिफ्टवाल्याची गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. तिघं पाचव्याकडे चालायला लागली, सुईणबाईच्या गुडघ्याला झेपेल त्या चालीने.