काकूंच्या घोट्यातला मी

मी काकूंच्या डाव्या घोट्यातून बोलतोय. कान जरा जवळ आणा, कारण आता मी फारसा उरलेलो नाही.

मी मॅग्नेशियमचा स्क्रू. कारखान्यात मला आटे पाडले, धुतलं, पुसलं आणि एकट्याला पाकिटात बंद केलं. ऑपरेशनच्या खोलीत स्टीलचे स्क्रू एका डब्यात दाटीवाटीनं राहायचे. ते मला हसायचे, "हा कसला स्क्रू? ही तर साबणाची वडी!" खोटं नव्हतं ते. हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग विरघळून जायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

काकू कपडे शिवतात. कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानाची पायरी उतरताना पडल्या आणि घोटा मोडून बसल्या. घर त्यांच्या पायमशीनवरच चालायचं. कमरेखाली भूल दिली होती, तरी त्यांची चौकशी चालूच.

"हा काढायला परत चिरणार का हो? मला दुसऱ्यांदा नाही झेपायचं."

"काढावा लागत नाही. आपोआप विरून जातो," डॉक्टर म्हणाले.

"अगंबाई! मग हाड धरणार कोण?"

"तुमचं हाडच की."

आत सगळा अंधार. हाड भारी अबोल, गुपचूप आपलं वाढत राहतं. काकूंचा आवाज तेवढा वरून यायचा. मला वाटायचं, कधीतरी त्या माझ्याशीही दोन शब्द बोलतील.

तपासणीला गेल्या तेव्हा आमचे डॉक्टर रजेवर होते. बदली डॉक्टरांना एक्स-रेमध्ये माझ्याभोवती काळे डाग दिसले.

"आत पू झालाय वाटतं. उघडून बघावं लागेल."

"परत चिरणार?" काकू घाबरून म्हणाल्या. अहो, पू कसला, मी विरघळताना सुटणारी हवा आहे ती! मी जीव तोडून ओरडलो. पण स्क्रूचं कोण ऐकतंय?

त्यांची लेक मात्र हटून बसली. "ताप नाही, सूज नाही, मग चिरायचं कशाला? ज्यांनी बसवला त्यांना आधी दाखवू."

आमचे डॉक्टर परतेपर्यंत काकूंना घास गोड लागला नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि ते हसले. "स्क्रू विरतोय, त्याचे बुडबुडे आहेत हे. स्टीलची सवय असली की दचकायला होतं. हाड छान जुळलंय. जा, मशीन चालवा."

"सुटले गं बाई!" म्हणत काकू तिथेच रडल्या. मलाही भरून आलं.

आता मशीन झपाझप चालतं. माझा एकेक कण सुटतो आणि त्या जागी हाड भरतं. काम फत्ते झालं याचा आनंद आहेच, पण खरं सांगू? फार एकटं वाटतं. काल एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "तो स्क्रू अजून आत आहे का हो?" सुईत दोरा ओवता ओवता काकू म्हणाल्या, "छे! तो केव्हाच गेला."

नाही हो काकू, अजून गेलो नाही. थोडासा आहे. आज मशीन बंद केलंत की घोट्यावरून एकदा हात फिरवा. उद्या फिरवाल, तेव्हा तिथे फक्त तुम्हीच असाल.